आधी गाणं, मग निकाल

गणपत दुकानात आला तेव्हा मी एका बाईला पोलक्याचं कापड मोजून देत होतो. गणपत हा आमच्या सिंदीतला लाऊडस्पीकरवाला. सिंदी म्हणजे रेल्वेवाली सिंदी, वर्ध्याला लागून असलेली सिंदी मेघे नव्हे; बाहेरचे लोक नेहमी घोटाळा करतात म्हणून आधीच सांगून ठेवतो. एरवी गणपतचा आवाज आधी दुकानात शिरतो आणि मागून गणपत. त्या दिवशी तो पायरीवर नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "काऊन रे, वर ये ना." तो म्हणाला, "दिवाकर वारला. सकायी. नागपूरच्या दवाखान्यात." मी ऐकलं. ऐकूनही हातातलं कापड पूर्ण मोजलं, फाडलं, घडी घातली, कागदात गुंडाळून सुतळी बांधली आणि त्या बाईच्या हातात दिलं. पैसे घ्यायचं मात्र राहून गेलं. ती बिचारी थोडा वेळ थांबली आणि गादीच्या कडेला पैसे ठेवून हळूच निघून गेली.

दिवाकर आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होता. पण 'दिवाकर मास्तर' म्हटलं की जिल्ह्यातल्या लोकांना शाळा आठवायची नाही, ऑर्केस्ट्रा आठवायचा. पुलगाव, नाचणगाव, देवळी, हिंगणघाट... जिथे म्हणून चार लाकडी तख्तपोस एकत्र मांडून मागे कनात ताणता येते तिथे तो गायला होता. चाळिशी नुकती उलटली होती. पोटाचं काहीतरी किरकोळ दुखणं आहे, दाखवून येतो, म्हणून नागपूरला गेला होता. जाण्याच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात दोन तास ठाण मांडून बसला, समोरच्या पानवाल्याची नक्कल केली, माझ्या नव्या चष्म्याची टिंगल केली आणि जाताना म्हणाला, "येतो रे." मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. रोज येणाऱ्या माणसाला कोण मान वर करून पाहतं?

त्याच्या तेरवीला मला कळलं की दुखणं किरकोळ नव्हतं आणि त्याला ते माहीत होतं. पोळ्याच्या सुमारास डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. पोळा ते संक्रांत... एवढे महिने दिवाकर ते पोटात घेऊन माझ्या गादीवर येऊन बसत होता. सुमनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, हे मला पंगत बसता बसता सांगितलं. मी पानावरून उठलो. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखानं उठला. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर मी संतापलो होतो. वीस-बावीस वर्षांची दोस्ती. माझ्या लग्नात मुंडावळ्या त्यानं बांधल्या, माझे वडील गेले तेव्हा तिरडीचा पुढचा बांबू त्याच्या खांद्यावर होता. आणि स्वतःच्या मरणाची गोष्ट त्यानं मला सांगू नये? मी काय परका होतो? की मला पेलणार नाही असं वाटलं त्याला? हा प्रश्न गेले काही आठवडे माझ्या डोक्यातून जात नाही. दुकानात कापड मोजताना तो असतो, जेवताना असतो. म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. मी काही लेखक नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फक्त कापड विकलं गेलं.

आमची ओळख पॅसेंजर गाडीतली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघेही सिंदीहून वर्ध्याला कॉलेजात जायचो. तो शेतकऱ्याचा मुलगा, मी दुकानदाराचा. त्याच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि वांग्याची सुकी भाजी, माझ्या डब्यात पोळ्या. पहिल्याच आठवड्यात अदलाबदल सुरू झाली आणि नुकसानीत कोण होतं हे आम्ही शेवटपर्यंत ठरवू शकलो नाही. तो खिडकीशी बसून गायचा. त्याचा आवाज चांगला होता, पण तेवढं पुरेसं नव्हतं. चांगले आवाज गावोगावी पडलेले असतात. दिवाकरची खुबी अशी की तो बाईच्या आवाजातही गायचा. युगुलगीत असलं की दोन्ही बाजू स्वतःच म्हणायचा. एका ओळीला छाती पुढे काढून, दुसऱ्या ओळीला मान किंचित तिरपी करून. डब्यातले दूधवाले, कोर्टात चाललेले म्हातारे, शिक्षिका, सगळे हसून लोटपोट व्हायचे आणि मग गाणं दुःखी असलं तर त्याच बायकी आवाजानं तो त्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचा. मी त्याला एकदा म्हटलं, "लेका, लोकायले हसवतं का रडवतं, एक कायतरी ठरव ना." तो म्हणाला, "उतरू नये त्यायनं, बस. त्यायचं टेसन आलं तरी उतरू नये."

पुढे त्याला नोकरी लागली, मी गादीवर बसलो. स्टेशनातला एक बाबू ॲकॉर्डियन वाजवायचा, त्याच्याशी जमवून दिवाकरनं ऑर्केस्ट्रा उभा केला. लाऊडस्पीकर गणपतचा. त्या काळात ऑर्केस्ट्राचं काय वेड होतं ते आजच्या व्हिडिओच्या दिवसांत सांगून पटायचं नाही. सिनेमातलं गाणं प्रत्यक्ष डोळ्यांसमोर कुणीतरी गातो आहे, त्याच्या गळ्याच्या शिरा दिसताहेत, माईकमधून त्याचा श्वास ऐकू येतो आहे, ही चैनच होती. बैलगाड्या जुंपून लोक यायचे. दिवाकर चकचकीत शर्ट घालून उभा राहायचा. ते कापड माझ्याच दुकानातलं. पोलक्यांसाठी आणलेलं, पण न खपलेलं. सकाळी तोच माणूस खादीच्या सदऱ्यात पोरांना पाढे म्हणायला लावायचा, आणि पाढेही चालीवर.

आता निवडणुकीचं सांगतो, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर असलंच तर तिथे आहे.

ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बऱ्याच खंडानंतर नगरपालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातून मी उभा राहिलो. का राहिलो हे विचारू नका. गल्लीतली चार मंडळी रोज संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर बसून म्हणायची, "रमेशभाऊ, तुमीच पायजे," आणि माणसाला ऐकत राहावंसं वाटतं. दिवाकरला सांगितलं तर तो म्हणाला, "उभा राहा. पण मले कायी इचारू नोको. मी सरकारी मानूस." आणि त्यानं ते इतकं पाळलं की मला रागच आला. प्रचाराचा पूर्ण महिना तो माझ्या दुकानाकडे फिरकला नाही. रस्त्यात भेटला तर पोरांच्या तब्येती विचारायचा. मत तरी मला देशील ना, असं मी एकदा अडवून विचारलं. हसला आणि म्हणाला, "चिठ्ठी डब्ब्यात टाकल्यावर इसरून जाचं असते."

माझ्यासमोर उभे होते अण्णाजी, बी-बियाण्याचे दुकानदार. सज्जन, जाडजूड, हळू बोलणारा माणूस. चिन्हांचं वाटप झालं तेव्हा नियतीनं आमची थट्टा केली. बियाणंवाल्या अण्णाजींना मिळालं शिलाई मशीन आणि मला, कापडवाल्याला, बैलगाडी. आम्ही त्यावर भरपूर हसलो. त्यात हसण्यासारखं काही नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. गल्लीच्या पोरांना तर विजयाची एवढी खात्री की त्यांनी मतमोजणीच्या संध्याकाळीच बाजाराच्या मोकळ्या पटांगणात ऑर्केस्ट्रा ठरवून टाकला. कार्यक्रम संपला की गुलाल, फटाके, बँड लावून माझी मिरवणूक बाजार चौकातून न्यायची. अण्णाजींचं घर बाजार चौकातच. मी 'एवढं कशाला' असं एकदा म्हटलं, पण फार हळू म्हटलं.

गायक दिवाकरच. आणि नेमकी त्याचीच ड्यूटी लागली मोजणीवर.

मोजणी नगरपालिकेच्या हॉलमध्ये. माझा प्रतिनिधी म्हणून गणपत आत होता. आमचं ठरलेलं, पुढे असलो तर त्यानं खिडकीतून लाल शेला हलवायचा. दिवस मावळायच्या सुमारास शेला हलला. बाहेर उभ्या असलेल्या पोरांनी एकच कल्ला केला आणि निकाल जाहीर व्हायची वाट न बघता मला उचलून थेट पटांगणात नेलं. मागे काय झालं ते नंतर कळलं. शेल्याचा प्रकार पाहून मोजणीवरचे साहेब भडकले, त्यांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि कुणालाही बाहेर सोडायचं नाही असा हुकूम केला. अण्णाजींच्या माणसानं फेरमोजणी मागितली होती. फरक थोडाच होता. रेषेवर पडलेल्या शिक्क्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या गेल्या आणि त्या फेरमोजणीत अण्णाजी पुढे गेले. ज्या टेबलावर हे झालं त्या टेबलावर चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधणारा हात दिवाकरचा होता.

कागदपत्रं व्हायची, सह्या व्हायच्या, दुसऱ्या एका वॉर्डाची भांडाभांडी मिटायची, तोवर जाहीर काही करायचं नाही असं साहेबांचं म्हणणं. इकडे पटांगणात दोन-तीन हजार माणूस जमलेलं, गायकाशिवाय ॲकॉर्डियन रडतंय. आमची पोरं हॉलच्या दारावर जाऊन गयावया करू लागली. साहेब बाहेरगावचे, पण गाण्याचे शौकीन निघाले. दिवाकरचं काम झालेलं होतं. ते त्याला म्हणाले, "जा. पण तोंड उघडायचं ते गाण्यापुरतं. निकाल मी सांगेन, तू नाही." हे वाक्य दिवाकर पुढे साहेबांच्या आवाजात करून दाखवायचा.

तो पटांगणात आला तेव्हा मी दोघांच्या खांद्यावर होतो. गळ्यात झेंडूचे हार, डोकं गुलालानं माखलेलं, डोळ्यांत गुलाल. त्याला पाहून मी ओरडलो, "दिवाकऱ्या, ये!" तो गर्दीतून वाट काढत आला. माझ्याकडे वर बघितलं. मला वाटलं, मास्तर थकलाय. दिवसभर चिठ्ठ्या मोजून कुणीही थकेल. त्यानं हात वर करून माझ्या पोटरीवर एक थाप मारली आणि सरळ स्टेजवर चढला.

पहिलं गाणं उडत्या चालीचं घेतलं. मग काय... पोरांनी टोप्या उडवल्या. जो आताच मोजणीवरून आला तो असं गाणं घेतो म्हणजे निकाल पक्का, असा प्रत्येकानं अर्थ लावला. बँडवाल्यांनी गाणं संपायच्या आतच तुताऱ्या तोंडाला लावल्या, आणि गर्दी मला घेऊन फाटकाकडे सरकू लागली. चला, चौकात! आता थांबायचं कशाला!

दिवाकर माईकवर म्हणाला, "मिरवणूक नंतर. आधी गाणं. फाटक लावा रे." कुणी ऐकेना. तेव्हा तो म्हणाला, "रम्या, वर ये. तुह्याशिवाय पुढचं गाणं होत नाई." आता दोन-तीन हजार लोकांसमोर माईकवरून आपलं नाव घेतलं की माणूस जातोच. लोकांनी मला हातोहात स्टेजवर पोचवलं. दिवाकरनं माझ्या हातात ते नारळाएवढे खुळखुळे दिले, ॲकॉर्डियनवाल्याच्या शेजारी खुर्ची दिली आणि कानाशी म्हणाला, "वाजव. खाली उतरू नोको." मी म्हटलं, "मले हे कोठी येते?" तो म्हणाला, "नुसते हालव."

आणि तो गायला लागला. तो त्या संध्याकाळी जसा गायला तसा मी त्याला आधी किंवा नंतर कधी ऐकला नाही. एक गाणं संपतं न संपतं तोच दुसरं. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. युगुलगीतं घेतली, बाईचा आवाज काढला, लोकांच्या फर्माईशी घेतल्या, ज्या गाण्यांचे शब्द येत नव्हते त्यांत सिंदीतल्या गल्ल्यांची आणि पानठेल्यांची नावं घालून म्हटली. बँडवाल्यांना स्टेजवर बोलावून त्यांच्या तुताऱ्या ऑर्केस्ट्रात घेतल्या, म्हणजे बँडही गेला. फाटकाकडे वळलेले लोक परत येऊन खाली बसले. बायका शालींत पोरांना गुंडाळून बसल्या. मी खुळखुळे हलवत होतो आणि आतून धुमसत होतो. विजय माझा, हार माझ्या गळ्यात, आणि हा लेकाचा सगळी संध्याकाळ स्वतःच्या खिशात घालून बसला. एका गाण्याच्या मधल्या वाजवण्यात मी त्याला म्हटलंच, "हे माहं स्वागत हाय का तुहा कार्यक्रम?" तो घामानं निथळत होता, इतक्या थंडीत. म्हणाला, "दोनी."

मग गणपत फाटकात दिसला, म्हणजे हॉलची दारं उघडली होती. शेला हातात नव्हता. गळ्यात होता, नेहमीसारखा. दिवाकरनं त्याला माझ्याआधी पाहिलं. त्यानं ॲकॉर्डियनवाल्याला खूण केली, तू वाजवत राहा, आणि माईक सोडून माझ्या खुर्चीमागे आला. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. वाकून कानात म्हणाला, "रम्या, तू पडला. थोडक्यात पडला. खुळखुळे सोडू नोको. हे गाणं पुरं होऊ दे."

मी ते गाणं पूर्ण होईपर्यंत खुळखुळे हलवले. कसे ते विचारू नका. समोर एवढी माणसं, सगळी माझ्याकडे बघून हसताहेत, टाळ्या वाजवताहेत आणि मला एकट्यालाच माहीत. खांद्यावर त्याचे हात होते. गाणं संपलं. दिवाकर माईकवर गेला आणि शाळेत बोलतो तसं सरळ म्हणाला, "आताच निकाल आला. अण्णाजी निवडून आले. आपला रमेश पडला. दोघायसाठी टाळ्या पायजेत, आणि अण्णाजींच्या लोकायले सांगा, कार्यक्रम चालू हाय, या."

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मग एका कोपऱ्यातून सुरू झाल्या. आणि खरंच अण्णाजी आले. त्यांच्याबरोबर पंधरा-वीस माणसं, त्यातल्या काहींच्या हातात काठ्या होत्या. आमची मिरवणूक चौकात येणार म्हणून ते केव्हाचे तयारीत बसले होते, हे नंतर त्यांनीच सांगितलं. हरलेला माणूस गुलाल उधळत, बँड वाजवत आपल्या दारासमोरून जातो आहे असं त्यांना दिसलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करायला आजही माझं मन धजत नाही. काठ्या फाटकाशी टेकून ठेवल्या गेल्या. अण्णाजी स्टेजवर आले, माझ्या गळ्यातला एक हार मी काढून त्यांच्या गळ्यात घातला, आणि ते संकोचून म्हणाले, "रमेशभाऊ, मी फटाके आनलेच नाई. मले वाटलं, मीच पडतो." मग आमचेच फटाके त्यांच्यासाठी फोडले. दुसरं करणार काय? घेऊन ठेवले होते.

तेवढ्यात आमच्या गल्लीतली एक म्हातारी कुणाचा तरी हात धरून स्टेजजवळ आली. तिला निकाल कळलाच नव्हता. मला खाली वाकायला लावून माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बेटा, तुह्याच मशीनले मारला शिक्का. कापडवाल्याची मशीन, मले कोनी सांगाले नाई लागलं." दिवाकर शेजारीच उभा होता. आधी त्याचे गाल फुगले, मग तो स्टेजवर मांडी घालून बसला आणि पोट धरून हसू लागला. मलाही हसू फुटलं. अण्णाजी बिचारे कुणी आपल्याला मत दिलं आणि कुणी मशीनला, हे मोजत उभे राहिले. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी, पडलेल्यानं आणि निवडून आलेल्यानं, मैदानाबाहेरच्या गाडीवर आलुबोंडे खाल्ले, तर्री ओतून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या आयुष्यात मी साजरे केलेले बरेच प्रसंग आहेत, पण इतक्या मनापासून साजरा केलेला दुसरा आठवत नाही, आणि मी त्या दिवशी पडलो होतो.

घरी जाताना मी त्याला विचारलं, "तू वर चढला तवाच तुले मालूम होतं ना?" तो म्हणाला, "मले काय मालूम. मी तं गाऊन राह्यलो होतो." तेव्हापासून मी त्याला हे किती वेळा विचारलं असेल. लग्नाच्या पंगतीत विचारलं, तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल बघताना विचारलं. गणपतनं शपथेवर सांगितलं होतं की गठ्ठे बांधणारा दिवाकरच होता. तरी त्याचं उत्तर तेच. कधीकधी मी चिडायचो. मला आधी सांगितलं असतं तर मी हार काढून ठेवला असता, तोंड धुतलं असतं, माणसासारखा घरी गेलो असतो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "गेला असता. घरी जाऊन काय केलं असतं?" घरी जाऊन मी दार लावून बसलो असतो. बहुधा महिनाभर.

तेरवीनंतर आठवड्यानं मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो, आता लपवण्यात अर्थ नाही. सुमनवहिनी ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, त्यानं मले काऊन नाई सांगतलं? आन् तुमी तरी काऊन नाई सांगतलं?" त्यांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "भाऊजी, मी भांडली त्यायच्यासंग. म्हटलं, रमेशभाऊजीले तरी सांगा. तं म्हने, त्याले सांगतलं तं तो मले पाह्यला येईन. आता तो माह्यासंग बसते." त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात घेतलं. "म्हने, जितके दिवस बसते तितके बसू दे."

मी उठलो. घरी आलो, तेही चालत, लांबच्या रस्त्यानं. पोळ्यानंतरचे सगळे दिवस मला दिसू लागले. तो रोज येऊ लागला होता आणि मी वहिनींना बोललोही होतो की मास्तरला आजकाल घरी करमत नाही वाटतं. दिवाळीत मला ओढून नाचणगावच्या कार्यक्रमाला नेलं. दुकान सोडून कसा येऊ म्हटलं तर स्वतः शटर ओढलं. तिथे स्टेजवर खुर्ची दिली. एका गाण्यात त्याचा आवाज फाटला, तेव्हा तो माझ्याकडे बघून डोळा मारून हसला आणि मी समजलो सर्दी झाली. पाह्यला आलो असतो तर मी काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. संत्र्यांची पिशवी नेली असती, त्याच्या पायाशी बसून घसा खाकरला असता, डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं असतं, आणि दारातून बाहेर पडताना मोकळा श्वास घेतला असता. त्यानं मला त्यातून वाचवलं आणि स्वतःलाही. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. मित्रानं आपल्याला रडायलासुद्धा अवधी ठेवू नये याचा राग जात नाही. पण आता तो त्याच्यावरच्या मायेच्या आड येत नाही.

गेल्या बाजाराच्या दिवशी त्याच्या शाळेच्या गावचा एक शेतकरी दुकानात आला. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा होता. साड्या काढल्या, धोतरं काढली. मध्येच म्हणाला, "शेट, गुरुजी कवा येतेत इकडे? पोरीनं हट्ट धरला, लग्नात गुरुजीचं गानं पायजेच. चौथीपरेंत त्यायच्याच हाताखाली होती." त्याला माहीत नव्हतं. शाळेत दुसरा मास्तर आला, पण हा शेतातला माणूस, कापूस वेचणीच्या धांदलीत कुणी सांगितलं नसेल.

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी गिळलं. म्हटलं, "बसा. चहा सांगतो." समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले. म्हटलं, "पोरगी पाढे चालीवर म्हनते का अजून?" तो एकदम खुलला. म्हणाला, म्हणते म्हणजे काय, भाकरी थापतानासुद्धा म्हणते, तिची आजी चिडते. मग गुरुजींनी एकदा बाईच्या आवाजात हाक मारून साऱ्या शाळेला कसं फसवलं ते सांगू लागला. सांगता सांगता मांडीवर थाप मारून हसत होता, डोळे पुसत होता, मीही हसत होतो. त्याचं सांगणं लांबावं म्हणून मी मधून मधून विचारत राहिलो... मग? पुढे? त्याचा चहा संपला. त्यानं बशी कपाखाली सरकवून ठेवली. तेव्हा मी गादीवरून उतरलो आणि त्याच्या शेजारी, अगदी जवळ, जाऊन बसलो.